मागचा टायर

हे गेले आणि ह्यांची मोटारसायकल दिरांनी आपलीच धरली. आज मागचा टायर बदलायला निघाले, तेव्हा मीही न विचारता मागे बसले. सकाळचं माझं मौन असतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

दुकानात त्यांनी फर्मावलं, "चांगला रुंद घाला, रुबाब दिसला पाहिजे!"

तोवर माझं मौन संपलं होतं. मी टायरवाल्याला म्हणाले, "गाडी आता माझ्या नावावर आहे. मूळ मापाचाच घाला, रुंद टायर चेनला घासेल."

दीर हसले. "वहिनी, मागे बसणाऱ्यानं कशाला ही उठाठेव करावी? तुम्ही आपलं नामस्मरण करा."

टायर बसला, मूळ मापाचाच. मी देवाचं नाव घेतलं आणि काउंटरवरची किल्ली उचलली.


"खरंय भाऊजी, मागे बसणाऱ्यानं उठाठेव करू नये. बसा मागे."