एकमत

अखेर तिन्ही पद्धतींचं उत्तर एकच आलं. शून्य.

केयूरला इतका आनंद झाला की हरभऱ्याच्या शेताकडे बघायचंच तो विसरला. हरभऱ्याचे घाटे पोखरून दाणे खाणारी घाटेअळी मोजायची खात्रीची पद्धत कुठली, यावर त्याची पीएचडी अडली होती. डोळ्यांनी मोजा, खाली कापड अंथरून झाड झटका, नाहीतर जाळी फिरवा. आजवर प्रत्येक पद्धत वेगळंच सांगत होती.

"एकही अळी नाही, काकी. तिघींचं एकमत!"

शरदिनीकाकी बांधावर उभी होती. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतून बॅटरीवरच्या टोटो रिक्षानं गंगेपलीकडे आली होती, रिकामी पिशवी घेऊन. तिच्या यजमानांनी, गोपीनाथकाकांनी, हा हरभरा कार्तिकात पेरला आणि कार्तिकातच ते गेले; तेव्हापासून शेत केयूर बघत होता. वर्षश्राद्धाला याच डाळीचे लाडू करायचे, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"माघातच म्हटलं होतं तुला, दवाई मार."

"तेव्हा एक पद्धत सात म्हणत होती, दुसरी दोन, तिसरी अर्धी."

"अर्धी अळी?"

"सरासरीत येते तशी. नक्की किती ते कळल्याशिवाय मारायची कशी? अन्याय झाला असता."

"कुणावर रे?"

केयूरनं खरंच विचार केला. "आकड्यांवर."

काकी शेतात उतरली. घाटे भरपूर लागले होते. प्रत्येकाला एक गोल भोक. तिनं एक फोडला. आत काही नाही. पुढचा फोडला. मग ओळच्या ओळ फोडत गेली. पिशवी काखेतच राहिली.

"मग अळ्या गेल्या कुठे?"

"खायला उरलं नाही की जातात," केयूर म्हणाला. प्रबंधात निष्कर्ष लिहावा तसा.

कोपऱ्यातल्या झाडावर एक घाटा जरा जड लागला. काकीनं तो जपून उघडला. आत दाणा नव्हता. जाडजूड हिरवी अळी होती.

केयूरचा चेहरा उतरला. "ही तर तिन्हींत नाही." मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस हं, काकी."

काकीनं अळी तळहातावर घेतली आणि हात डोळ्यांजवळ नेला. श्राद्धाच्या पंगतीत जेवून उठण्याआधी ब्राह्मणांना विचारतात, तेवढ्याच अदबीनं तिनं विचारलं,

"तृप्त झालात?"

अळीनं डोकं उचललं, इकडेतिकडे फिरवलं आणि ती तळहातावर खायला काही आहे का, ते शोधू लागली.