उजवी बाही

म्हातारीने पुतळ्याच्या अंगातल्या खाकी कोटाची उजवी बाही धरली आणि मनगटापासून खांद्यापर्यंत चाचपत नेली. मग डावी चाचपली. मग पुन्हा उजवी.

रफूवाल्या बाई कोपऱ्यात उभ्या राहून सुखावत होत्या. बघा, नीट निरखून बघा! बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या जुन्या वस्तूंचं हे दोन खोल्यांचं संग्रहालय आजच उघडलं होतं, आणि एवढ्या यंत्रांच्या गर्दीत कोणीतरी त्यांच्या कामापाशी थांबलं होतं. त्यांना सांगितलं होतं फक्त धूळ झटकायला. पण फाटकं कापड समोर आलं की बाईंच्या हातांना दम कुठला निघायला! बाही उभी फाटलेली, वर वंगणाचा काळा डाग. असा कोट चारचौघांत मांडायचा? त्यांनी कोटाच्याच दुमडीतला दोरा उसवून काढला, आठवडाभर डोळे फोडले, आणि डागही घालवला.

"कोट तुमच्या घरचा का?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा. याची बाही फाटलेली होती."

"होती ना! मीच केली नीट. हौसेचं काम हो माझं."

म्हातारी बाकावर बसली.

"रोलरने ओढली होती ती," ती म्हणाली. "कंपनी म्हणाली, जिन्यावरून घसरला, यंत्राजवळ गेलाच नव्हता. कोट मागायला घरी माणसं आली. जाळला म्हणून सांगितलं मी. पोरीलासुद्धा कधी दाखवला नाही. तिच्या तोंडून निसटलं असतं तर? पुढे तर ती त्याच कंपनीत नोकरीला लागली. माझं ती ऐकून घेते, पण खरं मानत नाही. कारखाना बंद पडला, तेव्हा कुठे कोट बाहेर काढून मी इथे दिला. आज मुद्दाम घेऊन आलेय तिला. म्हटलं, आता स्वतःच्या डोळ्यांनीच बघ, बाई."

बाई करायला गेल्या चांगलं, आणि मेलेल्या माणसाची साक्षच पुसून बसल्या. त्या धावतच दाराशी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हा कोट आला तेव्हा फोटो काढला होता ना?"

"नाही हो, कॅमेरा दुरुस्तीला गेला होता. आता काढू की! आता तर काय झकास दिसतोय."

त्या परत आल्या तोवर मुलगी पलीकडच्या खोलीतून येऊन कोटासमोर उभी होती. बाहीवरून हात फिरवत होती.

"आई, हाच ना तो कोट? अगं, धडधाकट आहे की बाही."

म्हातारी नुसती बाहीकडे बघत राहिली.

बाईंनी कोट पुतळ्यावरून उतरवला, बाही उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "इथून इथपर्यंत फाटली होती. बघ ना, पोरी. मी शिवली."

मुलगी वाकली. तिने खरंच मन लावून पाहिलं. पण दिसावं असं काही बाईंनी तिथे ठेवलंच नव्हतं.

"फाटली होती गं! माझ्या लेकरांची शपथ!" बाईंचा आवाज चिरकला. लोक वळून बघायला लागले.

मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "यांनाही सांगितलंस ना सगळं?" ती मायेने म्हणाली. मग बाईंच्या हातातून कोट अलगद काढून घेत तिने आवाज खाली आणला.

"काकू, तुम्ही फार चांगल्या आहात. आईचं मन राखायला आजवर कोणी शपथ घेतली नव्हती."