टोपलीतले दगड

"खिशात नाही, टोपलीत," नावाडी समुद्राकडे बघतच म्हणाला. "उतरताना टाकायचा, चढताना उचलायचा. टोपली रिकामी झाली की मी निघालो."

पहिल्या थांब्यावर उतरताना जावयाने आपला काळा, खडबडीत दगड होडीच्या कडेला टांगलेल्या टोपलीत टाकला. सासूबाईंचा पांढरा, गुळगुळीत दगड आधीच आत होता. सकाळी धक्क्यावर दगड निवडताना त्यांनीच पहिला हात मारला होता.

"दगडसुद्धा धड निवडता येत नाही," त्या छत्री उघडत म्हणाल्या. "आमच्या मुलीला कसं निवडलंत, देव जाणे."

"तिने मला निवडलं, आई."

"तेच तर दुखणं आहे."

बेटाच्या किनाऱ्याची ही दिवसभराची सहल, खास दोघांसाठी, बायकोने ठरवली होती. ती स्वतः हॉटेलच्या खोलीत कपाळाला बाम चोळून पडली होती. सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून राहायला आल्या, त्याला आता दोन पावसाळे उलटले होते. घरात टीव्ही एकच होता, बाल्कनी एकच होती आणि बायकोही एकच होती.

निघताना तिने दोघांना खोलीबाहेर काढलं. "संध्याकाळी हसत परत या. दोघं. ते जमणार नसेल तर एकच या. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि कडी लावली.

"रागाने बोलली हो ती," लिफ्टमध्ये सासूबाई म्हणाल्या होत्या.

"हो, रागानेच," तो म्हणाला होता. मग तळमजला येईपर्यंत दोघंही विचारात पडले होते.

दीपगृह बघून झालं. कासवांची पुळण बघून झाली. कासव एकही नव्हतं आणि त्याचंही खापर जावयाच्याच डोक्यावर फुटलं. प्रत्येक ठिकाणी दोघं परत येत, आपापला दगड उचलत. मग नावाडी हात मागे करून टोपली चाचपायचा आणि इंजिन सुरू करायचा. सुरू झालं की त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे.

"एकदा वळून बघायचं ना," जावई म्हणाला. "दगडधोंड्यांपेक्षा सोपं पडेल."

"आजोबा बघायचे. एकदा पुढच्या खडकापाशी त्यांनी वळून माणसं मोजली. बरोबर भरली. धक्क्यावर आल्यावर कळलं, त्यातलं एक आपलं नव्हतं."

सासूबाईंची छत्री जराशी खाली आली. "मग? कुणाचं होतं?"

"ते कुणी विचारलं नाही. घरचे न्यायला आले होते, घेऊन गेले. तक्रार नाही आली. उलट म्हणाले, माणूस सुधारला." नावाड्याने टोपली नीट केली. "तेव्हापासून आमच्यात माणसं मोजत नाहीत. दगडाचं सोंग कुणाला घेता येत नाही."

शेवटचा थांबा म्हणजे तोच खडक. भरपूर लांबरुंद, काळाकुळकुळीत, वर गवताचं पातंही नाही.

"पलीकडे एक भोक आहे, त्यातून समुद्र श्वास घेतो. बघून या," नावाडी म्हणाला. "फार रेंगाळू नका. भरती आली की खडक बुडतो."

सासूबाई आधी उतरल्या, दगड टाकून पुढे गेल्या. जावयाने आपला दगड टाकला, पण हात लगेच बाहेर आला नाही. आला तेव्हा मुठीत पांढरा दगड होता. त्याने तसं काही ठरवलं नव्हतं. नुसता खिशात ठेवला. टोपलीत आता फक्त काळा उरला होता, तो आपण आधी येऊन उचलला की झालं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"अगं बाई, वारा किती," सासूबाई अर्ध्या वाटेवरून वळल्या. "छत्री होडीतच ठेवून येते. तुम्ही व्हा पुढे, जावईबापू."

जावईबापू! लग्नाच्या मांडवानंतर हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. त्याला क्षणभर वाईटसुद्धा वाटलं.

भोकातून खरंच श्वास येत होता. आधी लांब, मग थबकून, मग पुन्हा. कुणीतरी खाली झोपेचं सोंग घेऊन पडल्यासारखा.

"तुम्ही बघा निवांत," छत्री ठेवून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मी होते पुढे."

"छे छे! तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसा, मी होतो पुढे."

"अहो, बसा म्हणते ना!"

"आई, आधी तुम्ही बसा!"

इतक्या प्रेमाने ते एकमेकांशी कधीच भांडले नव्हते. तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

दोघंही धावत सुटले. गुडघ्यांचं कुणालाच आठवलं नाही. खडकाच्या या बाजूला आले तेव्हा होडी बरीच आत गेली होती. नावाड्याची पाठ दिसत होती.

"अहो, थांबा!" जावई ओरडला. "माझा दगड आहे टोपलीत! मी टाकलाय! मी स्वतः टाकलाय!"

 सासूबाईंनी मूठ उघडली. काळा दगड.

त्याचा हात आपोआप खिशात गेला. त्याने पांढरा दगड काढून पुढे केला. त्यांनी आपला दगड ओळखला, आणि मग कितीतरी वेळ दोघं एकमेकांच्या तळहाताकडे बघत राहिले. पाणी घोट्याला लागलं होतं.

"आई," तो म्हणाला, "होडीत बघा."

मागच्या बाकावर एक बाई आणि एक पुरुष खेटून बसले होते. पुरुषाने बाईवर छत्री धरली होती. वाऱ्यावरून हसण्याचा आवाज आला. दोघांचा.