चावी सगळ्यात शेवटी

“तू चालवत होतीस. बस, एवढंच सांग.”

यूनुसचा आवाज फाटला होता. अ‍ॅम्ब्युलन्स नुकतीच गेली होती, पोलीस यायचे होते. जुम्म्याची नमाज चाललेली. ओमानमधल्या खाबुऱ्याचा बाजार बंद, सिग्नलवर चिटपाखरू नाही. मधोमध मासळीचा पिकअप, त्याच्याखाली वाकडी झालेली सायकल. फोन येताच वजीरा मागच्या गल्लीतल्या घरातून तशीच धावत आली होती.

“लाल होता?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“होता. आता ते नको काढू. माझ्यावर आणखी एक काळा पॉइंट पडला की लायसन खलास. लायसन गेलं की अर्बाब नोकरीवरून काढून विमानात बसवतो, तुला, मला, पोरीला. तुझं कोरं आहे. पडतील ते पडतील, नंतर पुसले जातात.”

“आणि तो माणूस?”

“श्वास चालू होता.”

कोरं.

तीनदा टेस्टमध्ये गाडी मागे घेताना ड्रम पाडून चौथ्या खेपेला मिळालेलं. शिकवणारी ओमानी बाई रोज तेच घोकून घ्यायची. आधी सीट. मग आरसा. मग पट्टा. चावी सगळ्यात शेवटी.

पुढच्या चाकापाशी नमाजेची पांढरी टोपी पडली होती. वजीरानं ती उचलली. झटकली. डाग तसाच राहिला.

पोलीस आला. एकटाच, तरुण.

“गाडी कौन चलाया?”

“मैं.”

यूनुसनं सुस्कारा सोडला.

“यल्ला, साइड में लगाओ.”

ती चढली. टोपी समोर काचेपाशी ठेवली. पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. बाहेरून यूनुसनं हळूच मान हलवली: नको. टोकावर सरकून बसली असती तरी निभावलं असतं.

सीट.

तिचा हात खाली गेला. दांडी ओढली. खाड्. अजून पुढे. खाड्.

आरसा.

बाजूच्या आरशात नुसतं आभाळ होतं. तिनं तो खाली वळवला. यूनुस दिसला, डोक्यापासून चपलेपर्यंत. शेजारी पोलीस. तो यूनुसच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याच्या लांब पायांकडे बघत होता.