गिट्टीची परीक्षा

"बस."

गिट्टी बसली नाही.

भय्यासाहेबांनी उजवा हात पुन्हा वर धरला. डावा वॉकरच्या दांडीवर. "बस, बेटा."

गिट्टीने त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा हाताकडे. शेपटी एकदा हलली. उभीच.

व्हरांड्याच्या पायरीवर शालिग्राम, मांडीवर दोर. भय्यासाहेबांचा धाकटा चुलतभाऊ. कुंडम गावाहून सकाळीच जीप घेऊन आलेला, गिट्टीला न्यायला. तिकडे शेत आहे, कुत्रीला आणखी काय हवं. दारात अवंतिका. त्यांची मुलगी. इंदूरहून दोन दिवसांसाठी, हेच मिटवायला. मागच्या महिन्यात गिट्टी पायात आली आणि भय्यासाहेब फरशीवर आपटले. कपाळाला चार टाके. मग ठरलं ते असं : गिट्टीने बसायचं, बाबांनी फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, तोवर तिने उठायचं नाही. जमलं तर राहील. नाही तर जीप.

सोपं होतं. ती रोज करत होती. चार महिने भय्यासाहेबांनी खुर्चीत बसून तिला शिकवलं होतं, उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यांवर. कंपवातात वाकता येत नाही, मागे धावता येत नाही, आवाज कधी घशातच राहतो. म्हणून सगळी भिस्त हातावर. हात वर झाला, बसायचं. उठ म्हणेपर्यंत बसूनच राहायचं.

"बस." तिसऱ्यांदा.

गिट्टी जवळ आली आणि हात हुंगून गेली. अनोळखी माणसाचा हुंगावा तसा.

"दादा, ऐकून नाही राहिली ती," शालिग्राम म्हणाला. प्रेमानेच. "चाल गं गिट्टे, तुला मोर दाखवतो."

"एक मिनिट रे."

"बाबा, काहून त्रास करून घेता? मला काय बरं वाटून राहिलं का? लेकिन तुम्ही पुन्हा पडले तर..."



भय्यासाहेब स्वतःच्या हाताकडे पाहत होते. हात हवेत स्थिर. खुंटीसारखा. मग ते हसायला लागले. चेहरा आताशा फार हसत नाही, खांदे हसले.

"गोळी," ते म्हणाले.

"काय?"

"अकराची गोळी मी साडेनऊलाच घेऊन टाकली. म्हटलं, तुझ्यासमोर हात हलायला नको."

अवंतिका दारातून अंगणात उतरली.

"हिनं माझा असा हात पाहिलाच कुठं? मी शिकवायला बसायचो ते गोळी उतरल्यावर. गोळी चढलेली असली की मी फिरतो, मग कुत्री कोण शिकवते? तिला वाटते, हात हलला की बसायचं. नाही हलला तर मी नुसता हात वर करून उभा आहे."

शालिग्रामने लगेच हात वर केला आणि हलवला. निरोप दिल्यासारखा. गिट्टीने जांभई दिली.

"तसा नाही बे. बिडी वळल्यासारखा. अंगठा बोटांवर."

शालिग्रामने बिडी वळली. अवंतिकेने वळली. भय्यासाहेबांनी स्वतःही वळून पाहिली, मुद्दाम. भर सकाळी अंगणात तीन माणसं हवेत बिड्या वळत होती आणि गिट्टी एकेकाकडे पाहत होती. काळजीने.

"नकली नाही चालत तिला." भय्यासाहेबांना अभिमान लपवता आला नाही.

"मग?"

"मग काय. उतरू दे गोळी."

"बाबा, गोळी उतरल्यावर तुम्हाला चालता कुठं येतं?"

"येते हळूहळू. फाटक काय पळून जाते?"

भय्यासाहेब खुर्चीत बसले. सवयीने हात शालीखाली गेला. अवंतिकेने स्टूल ओढलं, समोर बसली, हात बाहेर काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"इथं असू द्या. दिसला पाहिजे."

अकरा. चहा.

साडेअकरा. शेजारचे देवदत्तजी, जीप जरा मागे घ्या, म्हणून सांगायला आले. काय चाललंय, असंही विचारलं. "हात हलायची वाट पाहून राहिलो," शालिग्राम म्हणाला. देवदत्तजी अच्छा म्हणाले आणि गेले.

पावणेबारा. पोहे.

बारा. काही नाही.

"आज काहून इतका उशीर?" अवंतिका वैतागली.

"असंच असते त्याचं. नको तेव्हा पहिले हजर."

"बाबा, बोलू नका. हात हलवू पण नका."

"मी कधी हलवतो गं त्याला?"

ती हसली. मग एकदम थांबली.

अंगठा सरकला होता. जरासा. पुन्हा गप्प. मग तो पहिल्या बोटावरून फिरला, दुसऱ्यावर गेला, परत आला आणि बारीक, न थांबता, फिरतच राहिला.

भय्यासाहेबांनी हात अजून उचललाही नव्हता. उन्हात लोळणारी गिट्टी उठली, अंग झटकलं, खुर्चीसमोर आली आणि बसली. ताठ.

"बसली हो," शालिग्राम कुजबुजला. मग त्याने दोर गुंडाळला. "अवंती, मी एकटाच निघू काय?"

"फाटक राहू द्या. निघा काका," ती म्हणाली.

गिट्टीकडे तिने पाहिलंच नव्हतं. ती अजून बाबांचा हात पाहत होती.