फळ्याचा वाढदिवस

एकोणनव्वद साली कोलशेतच्या बंदरावर एक फळा होता. खाडी बुजवणाऱ्या नगरसेवकाबद्दल गुणाजी दर रविवारी त्यावर लिहायचा. खाली नाव नसायचं, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून तो डाव्या हाताने लिहायचा.

आज फळ्याला वर्ष झालं. 'सर्व वाचकांचे मनापासून आभार' एवढंच लिहून, हाताचा खडू खाडीत धुऊन तो घरी आला. बायको, मालू, तोंडाला पदर लावून दारातच उभी होती.

"फळा वाचनारा कोनीतरी आलता. चंदनाचा हार घेऊन."

"कुठाय हार?"



"माझ्याकडं नाय दिला. भिंतीवरच्या तुमच्या फोटोला घालून बघितला. 'बरोबर बसतोय' बोलला, न परत घेऊन गेला."