कोरडी पावलं

मागच्या गावात रडणाऱ्या मूर्तीमागे गळका पाइप सापडला, तेव्हापासून फादर ताकही फुंकून पीत. बिशपनी त्यांनाच इथे धाडलं ते म्हणूनच. इथल्या शिलाईवाल्या बाईला धुण्याच्या दगडावर रोज दुपारी मरियामाता दिसते म्हणे.

"आत्ता आहे?" फादरनी विचारलं.

"आहे की. तुमच्याचकडे बघतेय." बाईच्या गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती.

असल्या थापा फादरनी ढिगाने ऐकल्या होत्या. त्यांनी पवित्र पाण्याची बाटली काढली.

"खरी असेल तर थांबेल. दुसरं काही असेल तर पळ काढेल," म्हणत त्यांनी दगडावर पाणी शिंपडलं.

दगड भिजला. मधोमध दोन पावलं तेवढी कोरडी राहिली.

मेण चोळलंय लबाडांनी! फादरनी तिथे बोट फिरवलं. मेण नव्हतं. दगड खरखरीत होता, आणि ऊन नसताना कोमट. चिडून त्यांनी अख्खी बाटली तिथेच उपडी केली. या वेळी ती पावलंही भिजली.

"बघा! गेली तुमची माता."

बाई दगडाकडे बघतच नव्हती. "गेली कुठे, फादर? खाली उतरलीय."

फादरनी खाली पाहिलं. दगडावरून ओघळलेलं पाणी त्यांच्या बुटांभोवती पसरलं होतं. बुटांसमोर, अगदी चवड्याला चवडा भिडवून, दोन कोरडी पावलं होती.

"काय... काय म्हणतेय?"

बाईनं जरा वेळ ऐकून घेतलं.

"तुमचं तपासून झालं, आता तिची पाळी. खरे असाल तर थांबाल, म्हणतेय."